कॉलेजचं पहिलं वर्ष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना मी बरीच वर्षं शिकवते आहे. दर वर्षी चेहरे बदलतात, प्रश्न तेच राहतात. फरक एवढाच की कुणी ते पहिल्या आठवड्यात विचारतं आणि कुणी विषय राहिल्यावर. तेच प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत इथे दिले आहेत. सुरुवातीचे साधे आहेत, पुढचे अडचणीचे. आपल्यापुरता प्रश्न शोधून तेवढंच उत्तर वाचलंत तरी चालेल. दोन प्रश्न एकमेकांत गुंतले असतील तिथे क्रमांक दिला आहे. नियम प्रत्येक कॉलेजचे वेगळे, त्यामुळे 'हजेरी किती टक्के लागते' छापाच्या प्रश्नांना इथे उत्तर नाही. ते माहितीपुस्तिकेत असतं, आणि ती कुणीच वाचत नाही. एकदा वाचाच.

१. कॉलेज सुरू व्हायच्या आधी काय काय तयारी करून ठेवू?

आधी कागदपत्रं. प्रत्येक मूळ कागद स्कॅन करून फोनमध्ये आणि ईमेलवर ठेवा. झेरॉक्सचे तीन-चार संच आणि डझनभर फोटो एका जाड फोल्डरमध्ये घाला. मूळ प्रत कुठल्याही खिडकीवर जमा करावी लागली तर पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. तीन महिन्यांनी 'आम्हाला मिळालंच नाही' असं ऐकवलं गेलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्या वेळी हातात फक्त स्वतःचा शब्द असतो.

सामानाचं म्हणाल तर जेवढं न्यावंसं वाटतं त्याच्या निम्मं न्या. विसरल्या जातात त्या वस्तू दर वर्षी त्याच: एक्स्टेन्शन बोर्ड, दोन किल्ल्यांचं कुलूप, नेलकटर, नेहमीची औषधं आणि त्यांची चिठ्ठी. शिवाय निघायच्या आधी घरी एकदा स्वतःचे कपडे स्वतः धुऊन पाहा. नवा लाल टी-शर्ट पांढऱ्या कपड्यांसोबत भिजवायचा नसतो, हे घरच्या बादलीत कळलेलं बरं.

२. पहिल्या दिवशी कुणाशी आणि काय बोलायचं? मला स्वतःहून बोलायला जमत नाही.

'इथे कुणी बसलंय का?' एवढ्यावर काम होतं. त्या दिवशी वर्गातला जवळजवळ प्रत्येक जण हाच प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून थांबलेला असतो. बोलणं झाल्यावर मात्र मनात सुरू होतं, 'काय वेड्यासारखं बोलले मी!' एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली नेमकं हेच तपासलं. दोन अनोळखी माणसं बोलून उठली की आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज दोघंही कमी बांधतात. एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये तर हा गैरसमज कितीतरी महिने टिकलेला दिसला. म्हणजे जिच्याशी बोलून तुम्ही ओशाळलात, तीही बहुधा आपल्या खोलीत बसून तेच म्हणत असते.

नाव विसरलात तर पहिल्या आठवड्यात सरळ पुन्हा विचारा, कुणी काही म्हणत नाही. चौथ्या महिन्यात विचारणं मात्र खरंच अवघड जातं.

३. महिना होऊन गेला, अजून एकही खरा मित्र नाही. माझ्यातच काही कमी आहे का?

कमी आहेत ते तास. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली याचा हिशेब मांडला. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात, बिनधास्त 'मित्र' म्हणायला ९०च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २००च्या वर. त्यातही वर्गात शेजारी बसून फळ्याकडे पाहण्यात गेलेले तास फारसे कामाचे नसतात. सोबत खाणं, फिरणं, निरर्थक गप्पा यांतले मोजायचे. आता तुमच्या महिन्याची बेरीज करा. एकाच माणसासोबत असे ५० तास भरलेत का? बहुतेकांचे पंधराही भरत नाहीत.

हे तास वाढवायला फार मोठं काही करावं लागत नाही, सारखं एकाच ठिकाणी दिसावं लागतं. १९५० साली प्रसिद्ध झालेला एक जुना अभ्यास आहे, एमआयटीच्या विद्यार्थी-वसाहतीतला. लिओन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांना आढळलं की भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांपैकी ४१ टक्के जवळचे मित्र झाले होते, आणि त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांपैकी फक्त १० टक्के. मधलं अंतर काही पावलांचं. म्हणून वाचनालयात तेच टेबल, मेसमध्ये तीच वेळ, प्रॅक्टिकलनंतर तोच कट्टा धरा. खोलीचं दार संध्याकाळी तासभर उघडं ठेवा. क्लब निवडायचा तर वर्षातून एक भव्य कार्यक्रम करणारा नको, दर आठवड्याला भेटणारा निवडा, मग तो कितीही रटाळ असो.

४. सगळ्यांचे ग्रुप होऊन गेलेत. आता मध्येच कसं शिरायचं?

शिरू नका, थांबा. पहिल्या आठवड्यातले ग्रुप रोल नंबर आणि भीती या दोन गोष्टींवर बनलेले असतात. पहिली परीक्षा झाली की निम्मे फुटतात. तोवर अख्ख्या ग्रुपशी नाही, त्यातल्या एखाद्याशी ओळख वाढवा. बाकी प्रश्न ३ पाहा.

५. घरची इतकी आठवण येते की रात्री रडू येतं. रोज फोन करू की कमी करू?

रडू येणं ठीक आहे. शेजारच्या खोलीतही कुणीतरी रडत असतं, नळ सोडून. फोन रोज करायलाही हरकत नाही, पण त्याला वेळ ठरवा. 'मन भरून आलं की फोन' असं केलं की दिवसातला सगळ्यात वाईट क्षण तेवढा घरी पोचतो. घरचे रात्रभर काळजीत, आणि तुम्ही मात्र दहा मिनिटांनी पत्ते खेळत असता.

दर शनिवारी घरी पळण्याचा मोह मात्र पहिले पाच-सहा आठवडे आवरा, कारण मैत्रीचे तास (प्रश्न ३) नेमके सुट्टीच्या दिवशीच भरतात. दोन-तीन आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल, वर्गात जायला उठवतच नसेल, तर मात्र ही नुसती आठवण नाही. कॉलेजच्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा. आणि जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर आठवडे मोजत बसू नका. त्याच क्षणी कुणाला तरी उठवा, सांगा, एकटे राहू नका.

६. रूममेटशी अजिबात पटत नाही. खोली बदलून मागू का?

आधी एक विचारते: त्याला किंवा तिला तुम्ही हे सांगितलंय का? तोंडाने, शब्दांत?

माझी पहिल्या वर्षाची रूममेट पहाटे साडेचारचा गजर लावायची. तो दर काही मिनिटांनी पुन्हा वाजायचा आणि बाईसाहेब उठायच्या सातला. मी दोन महिने चकार शब्द काढला नाही. नुसतं कपाटाचं दार जरा जोरात लावायचे. शेवटी तिनंच विचारलं, 'तुला माझा एवढा राग का येतो?' गजराचं सांगितल्यावर ती बघतच राहिली. मी भिंतीकडे तोंड करून निपचित पडलेली असायचे, त्यामुळे मला तो ऐकूच येत नाही असं तिला वाटत होतं. दुसऱ्या दिवसापासून गजर बंद झाला. माझी दोन महिन्यांची झोप मात्र माझ्याच भिडेपायी गेली.

तेव्हा पहिल्याच आठवड्यात काही गोष्टी बोलून घ्या: दिवा किती वाजता बंद, फोन स्पीकरवर चालेल का, पाहुणे कधी, केर कोणी काढायचा, आणि न विचारता कुठली वस्तू घेतलेली चालते. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण भांडणं शाम्पू आणि चार्जरवरूनच होतात. बोलताना 'तू नेहमीच असं करतेस' असं न म्हणता 'दिवा चालू असला की मला झोप येत नाही' असं म्हणा.

बोलून, पुन्हा बोलूनही काही फरक पडला नाही तर खोली बदलून मागण्यात कमीपणा नाही. आणि चोरी, मारहाण, धमकी, नशा, लपून फोटो काढणं यांत समजुतीनं घ्यायचा प्रश्नच येत नाही. त्याच दिवशी वॉर्डनकडे लेखी द्या.

७. लेक्चरला बसणं खरंच गरजेचं आहे का? सगळं तर व्हिडिओवर मिळतं.

मी शिक्षिका, त्यामुळे माझं उत्तर पक्षपाती धरा. म्हणून दुसऱ्यांचं सांगते. मार्कस क्रेडे आणि सहकाऱ्यांनी २०१० साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा कॉलेजातल्या गुणांचा सगळ्यात भरवशाचा अंदाज हजेरीवरून बांधता आला. शाळेतले मार्क आणि प्रवेश परीक्षा तिच्या मागे पडल्या. व्हिडिओ चांगला असतोच, पण तो 'नंतर' पाहायचा असतो, आणि नंतर म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री दुप्पट वेगानं.

शिक्षक खरोखरच कंटाळवाणे असतील तर? तरी जा, दुसऱ्या रांगेत बसा. मागच्या बाकावर कंटाळा दुप्पट होतो. प्रॉक्सी मात्र लावूही नका, मागूही नका. पकडली गेली की शिक्षा बहुधा लावणाऱ्याला होते, आणि मैत्री तिथेच संपते.

८. शाळेत दोनदा वाचलं की जमायचं. इथे वाचून वाचून डोकं फिरतं आणि पेपरात काही आठवत नाही. काय चुकतंय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि तो विचारणारी मुलं अभ्यासात आळशी नसतात. चूक पद्धतीत आहे. दुसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं असा मेंदूचा समज होतो. पेपरात मात्र समोर पुस्तक नसतं.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली केलेला प्रयोग वर्गात सांगितला की मागचे बाकही ऐकतात. एका गटानं उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्यानं एकदाच वाचला आणि तीनदा न बघता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर चार वेळा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा त्यांना ४० टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. पाच मिनिटांपुरती घोकंपट्टी जिंकते, म्हणूनच ती इतकी खरी वाटते.

करायचं ते असं. एक प्रकरण वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा. मग उघडून राहिलेलं लाल पेननं भरा. दोन दिवसांनी त्याच प्रकरणाचा पुन्हा कोरा कागद, मग आठवड्यानं. पहिला कागद लाजिरवाणा असतो, अर्ध्या पानावर संपतो. तो फाडू नका. कुठं अडलं ते त्याच्यावरच दिसतं. गणिती विषयांत हेच सोडवलेलं उदाहरण झाकून करायचं. आणि जुन्या प्रश्नपत्रिका 'सगळं वाचून झाल्यावर' काढू नका, आत्ताच काढा.

रात्र जागून अभ्यासाचं काय, हेही इथेच सांगून टाकते. १८ ते २५ या वयाला साधारण ७ ते ९ तास झोप लागते, आणि वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच चालतं. शिवाय कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायलाही सुमारे पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळचा कप रात्रीही डोळे उघडे ठेवतो.

९. नोट्स वहीत काढू की लॅपटॉपवर?

म्युलर आणि ओपनहायमर यांच्या २०१४च्या प्रयोगात वहीवाले पुढे ठरले होते. पुढे २०१९ साली तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक तितका ठसठशीत दिसला नाही. म्हणून मी हट्ट धरत नाही. कारण लक्षात ठेवा: टायपिंग भरभर होतं, म्हणून ऐकलेलं तसंच्या तसं उतरवण्याचा मोह होतो. हातानं तेवढं लिहून होत नाही, म्हणून काय लिहायचं याचा विचार करावा लागतो. लॅपटॉपच घ्यायचा असेल तर वायफाय बंद आणि जागा मागच्या रांगेत, कारण तुमच्या पडद्यावरची क्रिकेटची मॅच मागच्या तिघांचाही अभ्यास बुडवते.

१०. सरांना-मॅडमना शंका विचारायला भीती वाटते. ईमेल करायचा तर काय लिहायचं?

तासानंतर टेबलापाशी येणारा विद्यार्थी शिक्षकाला आवडतो, हे आतल्या गोटातलं सांगते. फक्त 'काहीच कळलं नाही' असं म्हणत येऊ नका. 'इथपर्यंत कळलं, ही पायरी कळली नाही' असं म्हणा, बोट ठेवून. ईमेल चार ओळींत बसतो:

'मॅडम, नमस्कार. मी पहिल्या वर्षाच्या ब तुकडीत आहे, रोल नंबर अमुक. मंगळवारच्या तासाला झालेल्या तिसऱ्या उदाहरणात दुसऱ्या ओळीतून तिसरी कशी आली ते समजलं नाही. माझा प्रयत्न सोबत जोडला आहे. गुरुवारी तास संपल्यावर पाच मिनिटं भेटता येईल का?'

नाव, तुकडी, नेमकी अडचण, नेमकी मागणी, झालं. रात्री एक वाजता पाठवून एक वाजून दहा मिनिटांनी 'मॅम??' असं पाठवू नका. दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करणं मात्र अगदी रास्त आहे.

११. कितीही लवकर सुरुवात केली तरी सबमिशन शेवटच्या रात्रीच का येतं?

कारण आपण कामाचा अंदाज सगळं सुरळीत होईल असं धरून बांधतो. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं ३४. सगळंच बिघडलं तर? ४९. प्रत्यक्षात लागले ५५. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमीच पडला.

माझा ठोकताळा: मनात येईल त्या वेळेची दीडपट करा आणि शेवटची तारीख वहीत एक दिवस आधीची लिहा. शेवटच्या दहा मिनिटांत अपलोड करणाऱ्यांचं काय होतं ते दर सत्रात पाहते. पोर्टल अडकतं, आणि 'फायनल', 'फायनल२', 'फायनलखरंच' या तीन फायलींतली चुकीची जाते. पाठवल्यावर फाइल तिथूनच उघडून पाहा, आणि पोच आलेल्या पडद्याचा फोटो काढून ठेवा.

१२. ग्रुप प्रोजेक्टमध्ये मी एकटीच राबते. बाकीच्यांची नावं फुकट लागतात. काय करू?

माणसं वाईट असतात म्हणून असं होतं असं नाही. बिब लाताने आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून मोजलं. घोळक्यात प्रत्येकाचा जोर कमी पडला, कारण कुणाचा आवाज किती हे कळत नव्हतं. उपाय त्यातच आहे. पहिल्याच बैठकीत कामाचे तुकडे पाडा, प्रत्येकासमोर नाव आणि तारीख लिहा, आणि तो कागद सगळ्यांना दिसेल असा ठेवा. कुणी तारीख चुकवली तर ग्रुपवर टोमणे न मारता थेट त्याला विचारा. दुसऱ्यांदा चुकली तर शिक्षकांना सांगा, पण प्रोजेक्ट जमा करायच्या आधी. नंतर आलेली तक्रार मलाही मत्सरच वाटते, खरं सांगते.

१३. एआयकडून असाइनमेंट लिहून घेतली तर कळतं का? आणि मित्राला माझी फाइल 'नुसती बघायला' दिली तर?

कधी कळतं, कधी नाही. माझ्यापुरतं विचाराल तर मी समोर बसवून त्यातलाच एक परिच्छेद समजावून सांगायला लावते. तिथे सगळं उलगडतं. काही विषयांत एआय वापरायला परवानगी असते, काहींत मुळीच नाही, म्हणून प्रत्येक शिक्षकाला स्वतंत्र विचारा. त्यानं दिलेले संदर्भ न तपासता उतरवू नका. अस्तित्वात नसलेली पुस्तकं तो बेधडक सांगतो.

'नुसती बघायला' दिलेली फाइल नव्वद टक्के तशीच जमा होते. हा आकडा माझ्या वैतागाचा आहे, मोजलेला नाही. देणारा आणि घेणारा दोघंही सारखेच अडकतात. फाइल देऊ नका, शेजारी बसून समजावून द्या.

१४. शाळेत पहिला यायचो. इथे सगळेच हुशार आहेत. मला प्रवेश चुकून मिळालाय असं वाटतं.

या वाटण्याला नाव आहे: 'इम्पोस्टर फेनॉमेनन', म्हणजे आपण तोतये आहोत असं वाटणं. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ साली कर्तबगार स्त्रियांमध्ये त्याची नोंद केली. बाहेरून सगळं यश आणि आतून 'आता पितळ उघडं पडणार' ही धाकधूक. तेव्हापासून ते कुणाकुणात सापडलंय याला गणती नाही. तुमच्या बाबतीत साधा हिशेबही आहे: प्रत्येक शाळेतला पहिला आला की त्यांतला कुणीतरी पंचेचाळिसावा येणारच. त्यात तुमची अक्कल कमी झालेली नसते.

वर्गात चुकीचं उत्तर देऊन हसं झालं असेल तर एक गंमत ऐका. थॉमस गिलोविच यांनी २००० सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. आपला शर्ट निम्म्या लोकांनी पाहिला असेल असं त्यांना वाटलं; पाहिला होता जेमतेम पाव लोकांनी.

१५. ग्रुपमधले सगळे पितात. नाही म्हटलं तर वेगळा पडेन का?

'सगळे' हा शब्दच तपासून घ्या. प्रिन्स्टन विद्यापीठात डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी १९९३ साली दाखवलं की पिण्याबद्दल मनातून अस्वस्थ असलेले विद्यार्थी बाकीचे मात्र अगदी निवांत आहेत असं धरून चालत होते. जो तो दुसऱ्याकडे पाहून गप्प. 'मी घेत नाही' एवढंच म्हणा आणि विषय बदला. कारणं द्यायला लागलात की वाद सुरू होतो. हातात दुसरं काहीतरी पेय धरून बसलात की अर्धा आग्रह आपोआप थांबतो.

एक गोष्ट न पिणाऱ्यानंच लक्षात ठेवायची असते. कुणी इतकं प्यालं की हलवूनही उठत नाही, श्वास थांबत-थांबत चाललाय, अंग गार पडलंय, तर 'झोपू दे, उतरेल' म्हणू नका. कुशीवर वळवा, उलटी घशात जाऊ देऊ नका, एकटं सोडू नका आणि रुग्णवाहिका बोलवा. कॉफीनं किंवा गार पाण्यानं दारू उतरत नाही. कॉलेजला कळेल, घरी कळेल, ही भीती त्या वेळी बाजूला ठेवा.

१६. सीनियर 'इंट्रो' द्यायला बोलावतात. जावं का? रॅगिंग नेमकं कशाला म्हणायचं?

नाव, गाव, आवडनिवड विचारली, चहा पाजला, झालीच तर एखादं गाणं म्हणायला लावलं आणि 'नको' म्हटल्यावर सोडून दिलं, तर ती ओळख. 'नको' म्हटल्यावरही सोडत नाहीत, तिथे रॅगिंग सुरू. अपमान, अंगाला हात, कपडे, पैसे, रात्रभर जागवणं, जबरदस्तीनं कामं करून घेणं यांत तर 'नको' म्हणायचीही वाट पाहायची नाही. एकटे जाऊ नका. मेसेज पुसू नका. तारीख, वेळ, जागा, कोण होतं हे त्याच रात्री लिहून काढा, आणि कॉलेजच्या समितीकडे लेखी तक्रार करून घरीही कळवा. बहुतेक सीनियर मात्र कामाचे असतात: जुन्या प्रश्नपत्रिका, कुठल्या सरांना काय खपत नाही, ही विद्या त्यांच्याकडेच.

१७. पैसे महिनाअखेरपर्यंत पुरत नाहीत, आणि मित्र उसने मागतात. नाही कसं म्हणू?

महिन्याचे पैसे महिन्याचे समजू नका. फी, भाडं, मेस हे आधी काढून उरलेल्याचे चार भाग करा आणि दर सोमवारी एकच भाग खर्चाच्या खात्यात घ्या. शुक्रवारी संपले तर कळ दोन दिवसांची, दहा दिवसांची नाही. पहिल्या महिन्यात नवं काहीच विकत घेऊ नका. खरोखर काय लागतं ते दुसऱ्या महिन्यात कळतं आणि तेव्हा सीनियर ते निम्म्या किमतीत विकत असतात.

उसने देताना परत नाही आले तरी चालेल एवढेच द्या. त्याहून जास्त मागितले तर 'माझ्याकडे एवढेच आहेत' हे पुरेसं उत्तर आहे. दोन गोष्टींना मात्र ठाम नकार द्या. एक, कुणाच्या कर्जाला जामीन. दुसरी, 'तुझ्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठव, थोडे तुला ठेव' किंवा 'तुझ्या नावावर सिम घेऊन दे'. असे पैसे बहुधा फसवणुकीतले असतात आणि पोलिसांचा माग थेट तुमच्या नावापाशी येऊन थांबतो. मला माहीत नव्हतं, हे तिथे सिद्ध करत बसावं लागतं.

१८. मी हॉस्टेलवर नाही, घरून ये-जा करते. सगळी मजा संध्याकाळी होते आणि मी गाडीत असते.

आठवड्यातले दोन दिवस ठरवा आणि त्या दिवशी नंतरची गाडी पकडा. रोज उशीर झाला की घरी कटकट होते. ठरलेले दोन दिवस घरच्यांच्याही अंगवळणी पडतात. प्रवासात जड वाचन होत नाही, पण प्रश्न ८ मधला 'आठवून पाहा' हा खेळ उत्तम होतो. डोळे मिटून सकाळचा तास आठवायचा.

१९. वर्गातल्याच एकीशी जुळलं होतं, मोडलं. आता रोज समोर येते.

बाक बदला, प्रॅक्टिकलची बॅच बदलून मिळते का विचारा, आणि मित्रांना बाजू घ्यायला लावू नका. जुने मेसेज, फोटो कुणालाही दाखवायचे नाहीत, रागाच्या भरात तर मुळीच नाहीत. ते नीच तर आहेच, गुन्हाही ठरू शकतो. बाकी काम काळ करतो, थोडा सावकाश.

२०. परीक्षेच्या दिवशीच आजारी पडलो तर?

पेपर सुरू व्हायच्या आधी विभागाला ईमेल करा किंवा कुणाकरवी चिठ्ठी पाठवा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून त्याच तारखेचं प्रमाणपत्र घ्या. चार दिवसांनी आणलेल्या कागदावर कुणी विश्वास ठेवत नाही. ताप अंगावर काढून पेपरला बसायचं का? एकदा बसलात की बऱ्याच ठिकाणी तो प्रयत्न धरला जातो, म्हणून बसायच्या आधी नियम विचारा.

२१. एका विषयात नापास झालोय. घरी सांगू का?

सांगा, निकालाच्या आठवड्यातच, आणि पुढचा बेत ठरवून सांगा: फेरतपासणीची मुदत कधी, पुन्हा परीक्षा कधी, फी किती, आणि या विषयावर पुढच्या वर्षाचा कुठला विषय अवलंबून आहे. शेवटची गोष्ट विसरली की एका विषयाचे तीन होतात. उत्तरपत्रिका पाहायला मिळत असेल तर जरूर पाहा. 'काहीच येत नव्हतं' आणि 'येत होतं पण वेळ पुरला नाही' हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्याचं औषध प्रश्न ८ मध्ये, दुसऱ्याचं घड्याळ लावून सोडवलेल्या जुन्या प्रश्नपत्रिकांत.

२२. मला वाटतं मी कोर्सच चुकीचा निवडलाय. सोडू का?

पहिल्या सत्रावरून ठरवू नका. पहिल्या वर्षात बहुतेक पायाभूत विषयच असतात, ज्यासाठी आलात ते तोंडी लावण्यापुरतंच. तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम काढा, त्या वर्गात परवानगी घेऊन दोन तास मागे बसा, आणि शेवटच्या वर्षाच्या दोघांना विचारा की त्यांचा मंगळवार कसा जातो. तरीही मन उठलेलंच असेल तर तुम्ही कशाला कंटाळलात ते वेगळं काढा: विषयाला, कॉलेजला, की एकटेपणाला? एकटेपणावर कोर्स बदलून इलाज होत नाही. पाहा प्रश्न ३.

विषयालाच असेल तर मात्र रेंगाळू नका. शाखा बदलायची, फी परत मिळायची मुदत ठरलेली असते, आणि ती निकालाच्या खूप आधी संपते. नव्या कोर्सचा प्रवेश हातात येईपर्यंत जुना सोडू नका. घरच्यांशी बोलताना 'मला हे नको' याच्यासोबत 'मला ते हवं, त्याला एवढी वर्षं, एवढा खर्च' हेही कागदावर न्या.

२३. (पालकांकडून) मुलगा फोनच उचलत नाही. उचलला तर 'हो, हं, बरं' एवढंच. काय समजायचं?

बहुतेक वेळा एवढंच की त्याच्या खोलीत अजून तिघं बसलेत आणि त्यांच्यासमोर त्याला 'हो आई, खाल्लं' म्हणायचं नाहीये. अचानक फोन न करता त्याच्याकडूनच वेळ ठरवून घ्या. 'अभ्यास कसा चाललाय?' याला 'चांगला' याखेरीज उत्तर नसतं. 'रूममेट अजून गजर लावतो का?' असं विचारलंत तर पाच मिनिटं बोलेल. घरातलं काहीबाही आपणहून सांगा, नळ गळतोय, शेजारची मांजर व्यायली. तुमचा आवाज ऐकायला त्याला हवाच असतो, फक्त उलटतपासणी नको असते.

नेहमी बोलणारा मुलगा एकाएकी गप्प झाला, पैसे वारंवार मागू लागला, सुट्टीतही घरी यायला टाळू लागला, तर मात्र वॉर्डनला फोन करून चौकशी करत बसू नका. गाडीत बसा आणि भेटून या.